मॉरिशस समजून पाहायचे असेल तर: नियोजनापासून परतीपर्यंतचा सविस्तर मार्गदर्शक

मॉरिशसला जाणारे बहुतेक भारतीय पर्यटक विमानतळावरून थेट किनाऱ्यावरच्या हॉटेलात जातात, ठरावीक सहलींच्या गाडीतून बेट फिरतात आणि निळ्या पाण्याची छायाचित्रे घेऊन परततात. त्यात वावगे काही नाही. पण जेमतेम ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद असलेल्या या बेटावर ऊसमजुरांचा इतिहास, वेगवेगळ्या खंडांतून आलेले खाणे आणि ज्वालामुखीने घडवलेली भूमी इतकी जवळजवळ आहे, की थोडे नियोजन केले तर आठवडाभरात या सर्वांची नीट ओळख होऊ शकते. माझ्या मते मॉरिशस किनाऱ्यापासून आत नव्हे, तर आतून किनाऱ्याकडे पाहावे. आधी बंदर, बाजार आणि डोंगर पाहावेत, आणि समुद्र त्यांच्या मागून यावा. पुढील मार्गदर्शन त्याच क्रमाने केले आहे.

पहिली पायरी: वाऱ्याचा विचार करून महिना ठरवणे

मॉरिशस दक्षिण गोलार्धात असल्यामुळे तेथील ऋतू आपल्या उलट असतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा उष्ण आणि दमट काळ, तर मे ते ऑक्टोबर हा कोरडा आणि सुखद थंडीचा काळ. मे, जून आणि सप्टेंबर ते डिसेंबरचा पूर्वार्ध हे महिने फिरण्यासाठी सर्वांत सोयीचे होत. जानेवारी ते मार्च या काळात चक्रीवादळांची शक्यता अधिक असते. तेथील हवामान खाते वादळाचे इशारे श्रेणीनुसार देते आणि तिसऱ्या श्रेणीचा इशारा लागला की दुकाने, कार्यालये आणि बससेवा बंद होऊन लोक घरात थांबतात. त्यामुळे या काळात जाणाऱ्यांनी परतीच्या तिकिटात एकदोन दिवसांची सवड ठेवावी.

महिन्याइतकेच महत्त्व बाजू निवडण्याला आहे. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे पूर्व किनाऱ्यावर आदळतात, मधल्या पठारावर पाऊस पाडतात आणि पश्चिमेला पोहोचेपर्यंत कोरडे होतात. म्हणूनच पठारावरील क्युरपीप शहरात धुके आणि पाऊस असताना तेथून तासाभराच्या अंतरावरील फ्लिक-आं-फ्लाकच्या किनाऱ्यावर लख्ख ऊन असू शकते. जून ते ऑगस्टमध्ये जायचे असेल तर मुक्काम पश्चिमेला किंवा उत्तरेला करावा. ऐन उन्हाळ्यात मात्र पूर्वेचा वारा हवाहवासा वाटतो.

दुसरी पायरी: कागदपत्रे, पैसे आणि भाषा

पर्यटनासाठी जाणाऱ्या भारतीय पारपत्रधारकांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. तेथे उतरल्यावर विनाशुल्क प्रवेश मिळतो. परतीचे तिकीट, राहण्याच्या जागेचे आरक्षण आणि खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा मात्र हाताशी ठेवावा. प्रवासापूर्वी ऑनलाइन भरावयाच्या अर्जाचे नियम बदलत असतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात ते अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्यावेत. मुंबईहून थेट विमानाने सुमारे सहा तास लागतात आणि तेथील घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते.

चलन मॉरिशियन रुपया आहे. फेब्रुवारी २०२४ पासून तेथे यूपीआय आणि रूपे कार्ड सुरू झाले आहे, तरी हातगाडीवरच्या विक्रेत्यासाठी आणि बसच्या वाहकासाठी सुट्टे पैसे जवळ हवेतच. विजेच्या सॉकेटला बहुधा तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश पद्धतीचा प्लग लागतो. ताजी फळे, बिया, रोपे आणि झाडांचे कोणतेही भाग सोबत नेऊ नयेत. नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. ई-सिगारेटवर तेथे बंदी आहे.

भाषेची भीती बाळगण्याचे कारण नाही. लोक आपसांत फ्रेंचवर आधारलेली क्रिओल बोलतात, वर्तमानपत्रे मुख्यतः फ्रेंचमध्ये निघतात आणि सरकारी कामकाज इंग्रजीत चालते. भोजपुरीच्या वारशामुळे आणि हिंदी चित्रपटांमुळे अनेकांना हिंदीही समजते. तरीही दुकानात शिरताना ‘बोंझूर’ आणि निघताना ‘मेर्सी’ म्हणणे हा तेथला साधा शिष्टाचार आहे, तो पाळावा.

तिसरी पायरी: दोन मुक्काम आणि वाहन

संपूर्ण सहल एकाच हॉटेलात राहून केली की रोजचे दोन-तीन तास रस्त्यात जातात, विशेषतः राजधानी पोर्ट लुईच्या आसपासची सकाळ-संध्याकाळची कोंडी वाट्याला आली तर. आठ दिवसांचा विचार केल्यास पहिले चार-पाच दिवस पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाक किंवा तामारँ परिसरात आणि शेवटचे दोन-तीन दिवस आग्नेयेला माहेबर्ग किंवा ब्लू बे येथे राहावे. विमानतळ माहेबर्गजवळच असल्यामुळे परतीच्या दिवशी धावपळ होत नाही.

वाहने आपल्याप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. गाडी स्वतः चालवायची असल्यास भारतीय आणि आंतरराष्ट्रीय असे दोन्ही परवाने सोबत ठेवावेत. बसचे जाळे चांगले आहे. पोर्ट लुईतील इमिग्रेशन स्क्वेअरच्या स्थानकातून उत्तरेकडच्या आणि व्हिक्टोरिया स्थानकातून दक्षिणेकडच्या बस सुटतात. संध्याकाळनंतर मात्र गाड्या फार कमी होतात. पोर्ट लुई ते क्युरपीप ही मेट्रो रोझ हिल, कात्र बोर्न आणि व्हाकोआ या पठारावरील गावांतून जाते. तेथील रोजचे जीवन पाहण्यासाठी तिच्यातून एकदा तरी प्रवास करावा.

चौथी पायरी: सुरुवात बंदरापासून

पहिला पूर्ण दिवस पोर्ट लुईला द्यावा आणि त्याची सुरुवात आप्रवासी घाटापासून करावी. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी संपुष्टात येत असताना ऊसमळ्यांसाठी मजूर कोठून आणायचे, या प्रश्नाचे उत्तर ब्रिटिशांनी करारबद्ध मजुरीत शोधले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ या जहाजातून मजूर येथे उतरले आणि पुढे १९२० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे या बेटावर आली. त्यांतील बहुसंख्य भारतातून, कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून निघालेली होती. २००६ पासून हा घाट जागतिक वारसास्थळ आहे. आज तेथे काही दगडी इमारतींचे अवशेष आणि समुद्रातून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या उरल्या आहेत. जागा लहान आहे आणि घाईत असलेला माणूस दहा मिनिटांत बाहेर पडतो. तसे करू नये. शेजारच्या माहिती केंद्रात मजुरांची नोंद कशी होत असे, करारात काय लिहिलेले असे आणि प्रत्येकाला क्रमांक कसा दिला जाई, हे सविस्तर मांडले आहे. ते पाहून मग त्या पायऱ्यांपाशी पुन्हा यावे. रविवारी घाट बंद असतो, हे लक्षात घेऊन दिवस निवडावा.

तेथून चालत मध्यवर्ती बाजार, जुम्मा मशीद आणि चिनी वस्ती ही तिन्ही ठिकाणे गाठता येतात. कोदाँच्या धक्क्यावरील ब्लू पेनी संग्रहालयात १८४७ ची प्रसिद्ध ‘पोस्ट ऑफिस’ टपाल तिकिटे आहेत. मूळ तिकिटांना प्रकाशाने इजा होऊ नये म्हणून त्यांच्यावरचा दिवा ठरावीक वेळीच आणि थोडाच वेळ लावला जातो, तेव्हा ती वेळ प्रवेशद्वारावर विचारूनच आत जावे.

पाचवी पायरी: खाणे रस्त्यावर, आणि सकाळी

मॉरिशसचे खरे खाणे हॉटेलच्या बुफेत सापडत नाही. ते हातगाड्यांवर, बाजाराच्या कोपऱ्यांत आणि बसस्थानकांबाहेर मिळते, आणि त्यातले चांगले पदार्थ दुपारपर्यंत संपलेले असतात. म्हणून सकाळी हॉटेलात पोटभर नाश्ता करण्याचा मोह टाळावा.

पहिला मान ढोल पुरीचा. शिजवलेली चण्याची डाळ कोरडी वाटून, हळद आणि जिरे घालून मैद्याच्या उंड्यात भरतात आणि पुरणपोळीसारखी लाटतात. फक्त गोडाचा लवलेश नसतो आणि पोळी इतकी पातळ असते की आतल्या डाळीचा पिवळा रंग बाहेरून दिसतो. विक्रेता एकावर एक अशा दोन पोळ्या तळहातावर घेतो, त्यांवर मोठ्या पांढऱ्या वालासारख्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचा ‘रुगाय’ आणि भाज्यांचे मोहरी घातलेले लोणचे पसरतो, मिरचीची चटणी हवी का ते विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत गुंडाळी करून कागदात बांधूनही झालेली असते. ढोल पुरी जोडीनेच विकली जाते, त्यामुळे ‘एन पेर’ म्हणजे एक जोडी मागावी. तेथील मिरचीची चटणी आपल्या ठेच्याला मागे टाकू शकते. पहिल्यांदा थोडीच घ्यावी.

सकाळी पावाला लोणी लावून त्यात ‘गातो पिमाँ’ घालून खाण्याची पद्धत आहे. भिजवलेली चण्याची डाळ भरड वाटून, त्यात मिरची, पातीचा कांदा आणि कोथिंबीर घालून केलेले हे छोटे तळलेले वडे होत. फराटा म्हणजे पदर सुटलेला पराठा. तोही अशाच आमटी-चटणीबरोबर मिळतो. चिनी वस्तीतून आलेल्या परतलेल्या नूडल्स, ज्यांना ‘मीन फ्री’ म्हणतात, आणि रस्सेदार ‘बुलेत’ हे येथील सर्व समाजांचे रोजचे खाणे झाले आहे. शाकाहारी वाचकांना सांगायला हवे, की ढोल पुरी, गातो पिमाँ आणि साधा फराटा निर्धास्त खाता येतो, पण नूडल्समध्ये अंडे, कोळंबी किंवा ऑयस्टर सॉस असण्याची शक्यता असते. ‘सां व्यान’, म्हणजे मांस नको, असे सांगितले तरी सॉसबद्दल वेगळे विचारावे.

मासे खाणाऱ्यांनी ‘विंदाय’ चुकवू नये. मोहरी, हळद, लसूण आणि व्हिनेगर यांत मुरवलेला तळलेला मासा असे त्याचे स्वरूप असते आणि दुसऱ्या दिवशी तो अधिक चांगला लागतो. गोव्याच्या विंदालूशी त्याचे मूळ एकच, पोर्तुगीज आहे. दोन्हीकडे मसाले वेगळे पडल्यामुळे चवी पार निराळ्या झाल्या. किनाऱ्यावरच्या गावांत माकुळ-कुळीतल्या अष्टपादाची, म्हणजे ‘उरित’ची करी मिळते. तमिळ कुटुंबांच्या लग्नकार्यांत केळीच्या पानावर भाताबरोबर सात भाज्या वाढतात. त्याच धर्तीचे ‘सेत कारी’ काही खानावळींतही मिळते.

दुपारच्या उन्हात पोर्ट लुईच्या मध्यवर्ती बाजारात अलुदा प्यावा. थंड दूध, सब्जा आणि चायना ग्रासचे तुकडे असलेले हे पेय पाहताच फालुदा आठवतो. किनाऱ्यावर व्हिक्टोरिया जातीचे लहान अननस विकणारा त्याची साल नागमोडी काढून, देठ धरायला ठेवून, वर तिखट-मीठ लावून देतो. चहाची आवड असणाऱ्यांनी दक्षिणेकडील ब्वा शेरी येथे अर्धा दिवस काढावा. १८९२ पासूनचा हा मळा आहे. पाने खुडण्यापासून डब्यात भरण्यापर्यंतचे काम पाहून झाल्यावर टेकडीवर व्हॅनिलाच्या चहासह अनेक प्रकार चाखता येतात.

सहावी पायरी: उत्तरेला ऊस आणि बाग

उत्तरेला एक दिवस पुरे. पाम्प्लेमूसची वनस्पती बाग सकाळी लवकर पाहावी आणि प्रवेशद्वारावर मिळणारा अधिकृत वाटाड्या घ्यावा, कारण झाडांवरच्या पाट्या अपुऱ्या आहेत. परातीएवढ्या पानांची महाकाय कमळे सर्वजण पाहतात. तालिपॉट ताड मात्र मुद्दाम शोधावा लागतो. हे झाड अनेक दशके वाढते, आयुष्यात एकदाच फुलते आणि मग मरते. बागेच्या जवळच बो प्लॅन येथे जुन्या साखर कारखान्यात संग्रहालय केले आहे. साखर, गुलामगिरी आणि करारबद्ध मजुरी यांचा संबंध तेथे यंत्रांच्या शेजारीच समजावून दिला आहे. आप्रवासी घाट आधी पाहिलेला असेल तर हे संग्रहालय फार चांगले उलगडते. रस्त्याने जाताना उसाच्या फडांमध्ये काळ्या दगडांचे उंच ढीग दिसतील. जमीन लागवडीखाली आणताना मजुरांनी हातांनी वेचलेले ते दगड आहेत.

सातवी पायरी: नैर्ऋत्येचा डोंगराळ भाग

माझ्या दृष्टीने बेटाचा सर्वांत देखणा भाग हाच आहे आणि त्यासाठी दोन दिवस राखून ठेवावेत. मॉरिशसचा काळा बेसाल्ट पाहून सह्याद्री आठवला तर त्यात नवल नाही. पृथ्वीच्या पोटातील ज्या तप्त स्थानामुळे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचे लाव्हारसाचे थर पसरले, त्याच स्थानावरून भूपट्ट सरकत जाऊन पुढे मॉरिशस आणि रेयुनियों ही बेटे तयार झाली, असे भूशास्त्रज्ञ मानतात.

पहिल्या दिवशी पहाटे निघून ग्रँड बासिन गाठावे. विवराच्या जागी तयार झालेल्या या तळ्याला गंगा तलाव म्हणतात. काठावर ३३ मीटर उंचीची मंगल महादेवाची मूर्ती उभी आहे. महाशिवरात्रीच्या आधीचे काही दिवस बेटाच्या सर्व टोकांतून लोक पांढरी वस्त्रे नेसून, सजवलेल्या कावडी घेऊन चालत येथे येतात आणि वाटेवरची घरे त्यांना पाणी, सरबत आणि जेवण देतात. त्या काळात गाडीने येण्याचा हट्ट धरू नये. वारी पाहिलेल्या माणसाने पायीच काही अंतर त्यांच्याबरोबर जावे.

तेथून ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात उतरावे. १९९४ मध्ये घोषित झालेल्या या उद्यानात पेत्रँपासून अनेक पायवाटा सुरू होतात. देशातले चांगल्या स्थितीतले मूळ जंगल आता २ टक्क्यांहूनही कमी उरले आहे आणि त्याचा मोठा भाग येथेच आहे. वाटेवर लाल, बोराएवढे चिनी पेरू लगडलेले दिसतात. हंगामात स्थानिक लोक ते तोडून तिखट-मिठाबरोबर खातात, पण याच परक्या झुडपाने मूळ झाडांची जागा बळकावली आहे. १९७४ मध्ये रानात केवळ चारच पक्षी उरल्याची नोंद असलेला मॉरिशस खरूची ससाणा आणि नाहीसा होता होता वाचलेले गुलाबी कबूतर येथे दिसू शकते. दुर्बीण सोबत असावी आणि वाटेत बोलणे कमी असावे.

शामारेलची सप्तरंगी माती ऊन चांगले असताना पाहावी, तेव्हा रंग वेगवेगळे दिसतात. बेसाल्ट झिजून मागे राहिलेल्या लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांमुळे हे रंग आले आहेत. जागा छायाचित्रांत दिसते त्याहून बरीच लहान आहे. जवळच्या धबधब्यासह दीड तास पुरतो.

दुसरा दिवस ले मॉर्नचा. ५५६ मीटर उंचीचा हा सरळसोट डोंगर २००८ पासून जागतिक वारसास्थळ आहे, कारण मळ्यांतून पळालेल्या गुलामांनी त्याच्या कड्याकपाऱ्यांत आश्रय घेतला होता. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपल्याची बातमी सांगायला शिपाई येताना पाहून, ते पकडायला येत आहेत असे समजून अनेकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी कथा येथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. १ फेब्रुवारीला देशात सार्वजनिक सुट्टी असते. चढाई सकाळी लवकर सुरू करावी. अर्धी वाट सोपी आहे. शेवटचा टप्पा हातांचा आधार घेत खडकावरून चढावा लागतो, तो ओल्या खडकावर करू नये आणि वाटाड्याशिवाय तर नाहीच. जाहिरातींत दिसणारा ‘पाण्याखालचा धबधबा’ म्हणजे वाळू आणि गाळ खोल पाण्यात घसरताना होणारा दृष्टिभ्रम आहे. तो हवेतूनच दिसतो, किनाऱ्यावरून त्याचा शोध घेऊ नये.

आठवी पायरी: मराठी मॉरिशसची भेट

या बेटावर मराठी समाज संख्येने लहान असला तरी आपली ओळख त्याने टिकवली आहे. मुंबई बंदरातून आलेल्या मजुरांत कोकणातील लोक बरेच होते आणि पश्चिमेकडील कास्कावेल परिसर मराठी वस्तीसाठी ओळखला जातो. गणेश चतुर्थीची तेथे सार्वजनिक सुट्टी असते. ती कधी कधी आपल्या पंचांगापेक्षा एक दिवस नंतर येते, म्हणून त्या वर्षीची सरकारी यादी पाहूनच तिकीट काढावे. विसर्जनाच्या मिरवणुकीत ‘झाकरी’ पाहायला मिळते. रत्नागिरीच्या जाखडी या लोकनृत्याचे ते समुद्रापार गेलेले रूप आहे. घरात क्रिओल बोलणारी तरुण मुले आरती मात्र मराठीत, पाठ म्हणतात. त्यांच्या उच्चारांना हसू नये. दीड शतकाहून अधिक काळ आणि हजारो मैल पार करून ते शब्द टिकले आहेत.

मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मराठीचे अध्यापन होते आणि करारबद्ध मजुरांच्या नोंदींचे दप्तरही तेथेच आहे. आपल्या घराण्यातील कोणी मॉरिशसला गेल्याची आठवण कुटुंबात असेल, तर उपलब्ध असलेले नाव, गाव आणि अंदाजे वर्ष लिहून आधी पत्रव्यवहार करावा आणि मगच भेटीची वेळ ठरवावी.

नववी पायरी: सेगा ऐकणे

हॉटेलांत रात्रीच्या जेवणाबरोबर होणारा रंगीत घागऱ्यांचा कार्यक्रम हा सेगा या गाण्या-नाचाच्या प्रकाराचा सजवलेला अवतार आहे. मूळ सेगा गुलामांच्या वस्तीत जन्मला आणि २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आला. शक्य असल्यास शनिवार-रविवारच्या संध्याकाळी सार्वजनिक किनाऱ्यावर जावे, तेथे कुटुंबेच्या कुटुंबे सुरूच्या झाडांखाली जेवण आणि वाद्ये घेऊन आलेली असतात. रावान हे बकऱ्याच्या कातड्याने मढवलेले मोठे, पसरट वाद्य वाजवण्यापूर्वी शेकोटीजवळ धरून तापवतात. कातडे ताणले गेले की वादक बोटाने टिचकी मारून आवाज पाहतो, पुन्हा शेकतो, आणि मनासारखा नाद आल्यावरच बसतो. नाचणाऱ्यांचे पाय वाळूतून जवळपास उचललेच जात नाहीत. चित्रीकरण करण्यापूर्वी विचारावे. बोलावले तर संकोच न करता सामील व्हावे.

दहावी पायरी: आता समुद्र

बेटाभोवती प्रवाळाचे कडे असल्यामुळे बहुतेक ठिकाणी आतले पाणी शांत आणि उथळ असते. दक्षिणेला सुयाकजवळच्या ग्रि-ग्रि येथे मात्र हे कडे तुटलेले आहे, लाटा थेट कड्यावर आदळतात. तेथे उभे राहून पाहावे, पाण्यात उतरू नये. उथळ पाण्यातही रबरी तळाचे बूट घालावेत, कारण समुद्री साळू आणि विषारी दगडमासा वाळूत दिसत नाहीत. प्रवाळावर पाय ठेवू नये आणि शंख-प्रवाळ उचलून आणू नयेत. तामारँच्या उपसागरात पहाटे डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या बोटी त्यांच्याभोवती गर्दी करतात. ही सहल करायचीच असेल तर दूर थांबणारा नावाडी निवडावा. मला विचाराल तर ती टाळावी.

शेवटचे दोन दिवस आग्नेयेला घालवावेत. ब्लू बेच्या सागरी उद्यानात तळ काचेचा असलेल्या बोटीतून प्रवाळ पाहता येतात. इल-ओ-एग्रेत या २६ हेक्टरच्या बेटावर मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनच्या मार्गदर्शकासोबतच जाता येते. नामशेष झालेल्या डोडो पक्ष्याच्या काळातील किनारी जंगल कसे असेल, याची कल्पना तेथे येते. तेथल्या विशाल कासवांची मूळ जात नष्ट झाल्यामुळे तिचे काम करायला अल्डाब्राची कासवे आणून सोडली आहेत. याच भागात जुलै २०२० मध्ये ‘वाकाशियो’ हे जहाज प्रवाळावर रुतले आणि तेलगळती झाली. तेव्हा गावोगावच्या लोकांनी कापडी पिशव्यांत उसाचे पाचट भरून, त्यांच्या लांबच लांब माळा शिवून समुद्रात सोडल्या होत्या. मार्गदर्शकाला त्याबद्दल विचारावे, तो आनंदाने सांगेल.

माहेबर्गचा मोठा बाजार सोमवारी भरतो. परतीचे विमान त्या दिवशी संध्याकाळचे असेल तर सकाळ तेथेच घालवता येते. व्हॅनिलाच्या शेंगा, ब्वा शेरीचा चहा आणि न शुद्ध केलेली तपकिरी साखर घ्यावी. लोणच्याच्या बरण्या केबिन सामानात घेऊ देत नाहीत, त्या मोठ्या बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळून ठेवाव्यात. बाजाराच्या कडेच्या गाडीवर ढोल पुरीची जोडी अकरापूर्वी घ्यावी आणि विमानतळावर उड्डाणाच्या तीन तास आधी पोहोचावे.